एक असू दे

त्या लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, आणि तिची आईही म्हणे. यात आईला भारी मौज वाटायची. चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून झाल्यावर, पन्नाशीला टेकता टेकता या बाईंनी नोकरी सोडली आणि पीएचडीला नाव नोंदवलं, तेही नेमकं त्याच लॅबमध्ये, जिथे पोटची लेक दोन वर्षं आधीपासून काम करत होती. लेक सीनियर, आई ज्युनियर. पहिल्याच दिवशी आईने कोरा करकरीत ॲप्रन चढवला, लेकीसमोर उभी राहिली आणि चारचौघांत म्हणाली, "ताई, बीकर कुठे ठेवतात आपल्याकडे?" धरणीने पोटात घ्यावं असं लेकीला झालं.

त्या संध्याकाळी बसमधून घरी जाताना दोघींचा करार झाला. घरचं घरी, लॅबचं लॅबमध्ये. लॅबमध्ये आईने आईपणा करायचा नाही, लेकीने लाडात यायचं नाही, आणि एकीने दुसरीला टोकायचं तर मुळीच नाही. बाबा चष्म्याचे कारागीर. दिवसभर दुकानात काचा घासून घरी आले की त्यांना फार बोलायला आवडत नसे, पण या कराराला ते साक्षीदार झाले. त्यांनी एवढंच विचारलं की स्वयंपाकाला उशीर झाला तर तो घरचा मुद्दा धरायचा की लॅबचा.

करार दोघींनी इतका इमानेइतबारे पाळला की पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. भांडल्या असत्या तर आठ दिवसांत उलगडा झाला असता. पण शहाणी माणसं भांडत नाहीत, आणि मग चार महिने भोगतात.

आईचं काम होतं पॉलिमरच्या नळ्या करण्याचं. एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी तीन-चारशे मावतील एवढ्या बारीक नळ्या. त्या एका पट्टीवर पसरायच्या आणि पट्टी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची. आतलं मांस-मासळी शिळी व्हायला लागली की जो उग्र वायू सुटतो, तो माणसाच्या नाकाआधी या नळ्यांना कळावा, अशी योजना. त्यासाठी नळी पोकळ हवी. पोकळ नळी बाहेरून आणि आतून दोन्हीकडून वास घेते. भरीव झाली की ती नुसती काडी, आणि काडीचा कुणाला काय उपयोग.

करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. नखाएवढी एक पांढरी चकती असते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. डोळ्यांना सपाट दिसते, पण तिच्यात आरपार कोट्यवधी छिद्रं असतात, सगळी सरळ आणि एकसारखी. हा साचा. तो ॲनिलीन नावाचं रसायन आणि थोडं आम्ल यांच्या द्रावणात बुडवायचा, बीकर बर्फात ठेवायचा आणि मग एका छोट्या कुपीतलं दुसरं द्रावण त्यात ओतायचं. या दुसऱ्या द्रावणाला लॅबमध्ये सगळे 'चावी' म्हणत. चावी दिली की लगेच काही दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटं बीकर पाण्यासारखा स्वच्छ राहतो, मग निळसर होतो, मग हिरवा. तोवर ॲनिलीनचे रेणू एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करायला लागलेले असतात, आणि त्या साखळ्या आधी छिद्रांच्या भिंतींना जाऊन चिकटतात. भिंतीवर थर बसला की चकती उचलायची आणि कॉस्टिक सोड्यात टाकायची. साचा विरघळतो, नळ्या उरतात. सगळा खेळ मापाचा. थर वाढतच गेला तर आतलं भोक बुजतं.

आईच्या हातून ते दर वेळी बुजत होतं.

नऊ चकत्या झाल्या. दर वेळी तळघरातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर नमुना जायचा आणि तिथले काका पडद्याकडे बघून एकच शब्द उच्चारायचे, "भरीव." काका मितभाषी होते. त्यांच्या तोंडून वर्षाकाठी शंभर शब्द निघत असतील, त्यातले नऊ आईच्या वाट्याला आले. गाइड सरांनी थंडी वाढवून पाहायला सांगितलं, मग आम्ल बदलायला सांगितलं, मग वेळ कमी करायला. वेळ कमी केला तर काड्यांच्या जागी नुसता चुरा निघाला. चावीच्या मापाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आई प्रत्येक गोष्ट तीनदा तोलायची आणि तीनदा वहीत लिहायची. तिच्या मापावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

चकत्यांची डबी दहाची. नवी डबी यायला तीन महिने लागणार होते, आणि येत्या सोमवारी आईचा वर्षाचा आढावा होता. त्यात एकसुद्धा पोकळ नळी दाखवता आली नाही, तर नोंदणी रद्द. सरांनी हे आईला सांगितलं तेव्हा खिशातली स्टीलची मोजपट्टी काढून उगाच टेबल मोजलं. वाईट बातमी द्यायची झाली की ते काहीतरी मोजायचे, म्हणून त्यांचं नावच मोजपट्टी पडलं होतं. आई म्हणाली, "एक चकती आहे ना अजून?" आणि कामाला लागली.

पण लेकीची काळजी वेगळीच होती, आणि ती नोंदणीपेक्षा मोठी होती.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीनला आईला खालच्या मजल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलांची हजेरी घ्यायला जावं लागे. सगळ्या संशोधकांना आळीपाळीने हे काम असे. आई तीनच्या आत बीकर बर्फात लावून जायची आणि पाव तासाने परत यायची. पहिल्या चकतीच्या वेळी लेक सहज आईच्या ओट्यापाशी गेली. बर्फात बीकर होता, आत चकती होती, द्रावण स्वच्छ होतं आणि शेजारी चावीची कुपी भरलेली, बूच लावलेली, जशीच्या तशी उभी होती. आई चावी द्यायलाच विसरली होती.

लेकीला आजी आठवली. आजी, म्हणजे आईची आई, शेवटची सहा वर्षं सगळं विसरत गेली होती. आधी दूध गॅसवर विसरली, मग रस्ता विसरली, आणि शेवटी नातीला "तुम्ही कुणाच्या?" असं अदबीने विचारायची. त्याची सुरुवात अशीच बारीकसारीक गोष्टींपासून झाली होती. लेकीने इकडेतिकडे पाहिलं, कुपीचं बूच काढलं, चावी बीकरमध्ये ओतली, कुपी विसळून ट्रेमध्ये पालथी घातली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. आईला काही बोलली नाही. करार होता, आणि करार नसता तरी हे कसं बोलणार.

पुढच्या वेळी ती मुद्दाम पाहायला गेली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच. दुसऱ्याच्या प्रयोगाजवळ घुटमळायचं नाही असा त्या लॅबचा अलिखित शिरस्ता होता, म्हणून आई ओट्याशी असताना ती कधी फिरकली नाही. आई जिना उतरली की ही जायची, चावी द्यायची, कुपी धुवायची. फोनमध्ये तिने एक यादी सुरू केली. वर नुसतं 'आई' लिहिलं आणि खाली तारखा. चावी विसरली. चावी विसरली. मधेच एकदा, चष्मा डोक्यावर आणि घरभर शोध. नऊ तारखा झाल्या तेव्हा तिला ती यादी उघडवेना.

शेवटी बुधवारी ती बाबांच्या दुकानात गेली. बाबा एका फ्रेमला स्क्रू बसवत होते. तिने चाचपडत विषय काढला, की आई हल्ली फार विसरते, नाही का. तिला वाटलं बाबा घाबरतील. बाबा हसले. म्हणाले, "चष्मा म्हणतेस? तो माझा गुन्हा. तिला चार करून दिलेत. एक पर्समध्ये, एक उशाशी, एक लॅबमध्ये, आणि एक असू दे म्हणून. चार असले की माणूस एकही सांभाळत नाही."

बाबांचं म्हणणं खरंच होतं. आईचं सगळं जोडीने चालायचं. दाराच्या किल्ल्या दोन, छत्र्या दोन, शर्टाच्या प्रत्येक बटणाला एक भाऊ डबीत जपून ठेवलेला. लेकीला हा पसारा अजिबात सोसत नसे. ती आठवड्यातून एकदा घर आवरायला काढायची आणि जोडीतली एकेक वस्तू बिनदिक्कत केराच्या डब्यात टाकायची. आई आधी चिडायची, नंतर तिने नाद सोडला. एवढं सगळं माहीत असूनही त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना लेकीच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. भीती माणसाला ठार बहिरं करते. सोमवार उरकला की आईला डॉक्टरकडे न्यायचं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

गुरुवार उजाडला. शेवटची चकती. आई सकाळपासून गुणगुणत होती. या बाईला संकटात गाणं सुचतं हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी त्या दिवशी तिला ते ऐकवेना. तीनला पाच कमी असताना आईने हातमोजे काढले, हजेरीचं रजिस्टर काखेत मारलं, "येते हं, ताई" म्हणून सांगितलं आणि जिना उतरली.

लेक उठली. ओट्यापाशी गेली. बीकर बर्फात, द्रावण स्वच्छ, शेजारी चावीची कुपी काठोकाठ भरलेली. म्हणजे आजही. आजसुद्धा. तिला वाटलं होतं निदान आज तरी आईला आठवेल. डोळे भरून आले आणि बूच नीट दिसेना. तिने ॲप्रनच्या बाहीने डोळे पुसले, बूच काढलं आणि कुपी बीकरवर धरली.

"अगं अगं, थांब. ते काय ओततेस?"

दारात आई उभी होती. लॅबमधला चष्मा ओट्यावर राहिला म्हणून अर्ध्या जिन्यातून परत आली होती. लेकीचा हात तिथेच थबकला. कुपीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत राहिला. तिने कुपी सरळ केली आणि मग चार महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"चावी. तू आजही विसरलीस, आई."

लॅबमध्ये तिने आईला आई म्हटल्याची ही पहिली वेळ. आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग कुपीकडे.

"मी कशाला विसरेन? मी दिली की. दोन पन्नासला. ही दुसरी आहे."

"दुसरी कुठली?"

"दुसरी म्हणजे दुसरी. मी दोन भरते दर वेळी. एखादी हातातून सुटली, फुटली, तर ऐन वेळी कुठे तोलत बसू? एक असू दे म्हणून." मग जरा थांबून आई म्हणाली, "तू टाकून देतेसच ना ती दर वेळी. मी कधी बोलले का काही? करार आहे आपला."

लेकीला खरं वाटेना. आई धीर द्यायला बोलतेय, की जे आठवत नाही ते गोड करून सांगतेय, हे तिला कळेना. आजीही शेवटी असंच करायची. ती ट्रेकडे पाहू लागली. ट्रेमध्ये एक कुपी पालथी होती, ओली. वापरलेलं भांडं हातासरशी धुवून टाकायची आईची घरचीच सवय. पण धुतलेल्या कुपीवर कुठे लिहिलेलं असतं तिच्यात काय होतं ते. दोघी बीकरकडे बघत उभ्या राहिल्या. खाली पहिल्या वर्षाची मुलं हजेरीशिवाय ताटकळत होती, म्हणजे मजेत होती.

तीन वाजून चार मिनिटं झाली आणि बीकरच्या तळाशी, चकतीच्या कडेला, अगदी फिकट निळी झाक आली. कुणी बोट लावलं नव्हतं. भरलेली कुपी लेकीच्या मुठीत होती. निळी झाक वर चढत गेली, गडद झाली, आणि बघता बघता सगळा बीकर निळाशार झाला.

लेक मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. आईला आधी काही कळेना. मग कळायला लागलं, आणि जसजसं कळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे नऊच्या नऊ वेळा तू माझ्या बीकरमध्ये दुसरी कुपी ओतलीस?" आईचा आवाज शाळेतला झाला होता. "नऊ चकत्या! आणि मी मेली आम्लं बदलत बसले."

"मला वाटलं तुला आजीसारखं होतंय," लेक म्हणाली. "मला तुला सांगता येईना."

राग आईच्या तोंडावर आला होता तसाच ओसरला. तिने लेकीचं डोकं पोटाशी धरलं, ॲप्रनला डाग पडतील याची पर्वा न करता, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "चार महिने एकटीने वाहिलंस हे? वेडी आहेस." आणि लगेच, "घड्याळाकडे लक्ष ठेव. ही चकती तरी वेळेवर उचलू दे मला."

ठरल्या मिनिटाला आईने चिमट्याने चकती उचलली. ती हिरवीगार झाली होती, दोन्ही बाजूंनी. शुक्रवारी ती कॉस्टिक सोड्यात घातली. चकती हळूहळू नाहीशी झाली आणि तळाशी निळ्या गाळाचा चिमूटभर ढग राहिला. लेक ओट्यापासून दहा पावलं लांब, हात मागे बांधून उभी होती. आईची तशी सक्त ताकीद होती.

शनिवारी सकाळी दोघी तळघरात गेल्या. बाबाही दुकान उघडायचं सोडून आले होते. काचेचा माणूस, त्यांना मोठी भिंगं बघायचीच होती. काकांनी नमुना आत सरकवला, हवा काढली, पडदा लावला. राखाडी धुकं दिसलं, मग धुक्यात गवतासारखं काहीतरी, एकमेकांवर रेललेलं. काका बटण फिरवत जवळ जवळ जात राहिले. गवताची टोकं दिसायला लागली आणि प्रत्येक टोकाला एक काळं, गोल, स्वच्छ भोक होतं. शेकडो भोकं. सगळी वर तोंड करून.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पोकळ. छान पोकळ." एका दमात तीन शब्द म्हणजे काकांच्या हिशेबी भाषणच झालं. बाबांनी आईच्या पाठीवर थाप मारली. आईला पडदा दिसत नव्हता, कारण चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स वर राहिली होती. बाबांनी खिशातून पाचवा काढून दिला.

सोमवारी आढाव्यात मोजपट्टी सरांनी आईची वही पान पान करून पाहिली. प्रत्येक प्रयोगाखाली आईच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती, नऊ वेळा, तारीखवार: 'दुसरी कुपी ताईंनी टाकून दिली.' सरांनी विचारलं ही काय भानगड आहे. आईने सगळं सरळ सांगितलं. लेक मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसली. आता आपली वरात निघणार म्हणून तिने तयारी ठेवली होती. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे दुप्पट मात्रेचे नऊ प्रयोग आहेत, आम्ल आणि थंडी बदलून बदलून, आणि एका मात्रेचा एक. दुप्पट दिली की काहीही करा, भरीवच होतं, हे तुम्ही सिद्ध केलंत. एवढी तुलना मुद्दाम कोण करतं?" त्यांनी मोजपट्टी खिशातून काढलीच नाही. तेव्हाच दोघींना कळलं की नोंदणी कायम झाली.

घरी जाताना बसमध्ये खिडकीशी आई, शेजारी लेक. लेकीने फोन काढला आणि ती यादी आईच्या हातात दिली. लपवून ठेवायचं आता काही कारण नव्हतं. आईने चष्मा लावला आणि वर लिहिलेल्या 'आई'पासून सावकाश वाचत गेली. चावी विसरली. चावी विसरली. एकेका तारखेवर ती थांबत होती. त्या तारखा तिला पाठ होत्या, वहीत त्याच होत्या. एकदा तिने बाहेर पाहिलं आणि नाक ओढलं.

"एवढी घाबरली होतीस," ती म्हणाली.

लेकीने मान हलवली. फोन परत घेतला आणि एकेक ओळ पुसायला लागली. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी. पुसताना तिला इतकं हलकं वाटत होतं की मोठ्याने हसू आलं. आठ पुसून झाल्या, चष्म्याची ओळही गेली, आणि तिचं बोट शेवटच्या तारखेवर आलं, तेव्हा आईने तिचा हात धरला.

"सगळ्या नको पुसू," आई म्हणाली. "एक असू दे."